टॉन्सिल्सचं ऑपरेशन: प्रत्येक पालकाचा अनुभव वेगळा का असतो?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी ६ वर्षांची. वर्षभरात चार-पाच वेळा घसा धरला, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. रात्री घोरते, तोंड उघडं टाकून झोपते. डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्स काढून टाकू. आईने ओळखीतल्या तीन पालकांना विचारलं. एकीचा मुलगा तिसऱ्या दिवशी घरभर धावत होता. दुसरीची मुलगी दहा दिवस पाण्याच्या घोटालाही रडायची. तिसऱ्या घरी आठव्या रात्री मुलाच्या तोंडातून रक्त आलं आणि त्याला परत हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. "यातलं खरं कुठलं मानू? आणि ऑपरेशन करू की नको?"

ताई, तिन्ही खरं आहे. मी कान-नाक-घशाची सर्जन आहे, वीसेक वर्षं लहान मुलांचे टॉन्सिल्स काढते आहे, आणि हे तिन्ही प्रकारचे पालक माझ्या समोरच्या खुर्चीत बसून गेले आहेत. तुम्ही विचारलेत ते दोन प्रश्न, पण तुमची खरी अडचण तिसरीच दिसते: कुणाच्या अनुभवावरून आपला अंदाज बांधायचा, हे कळत नाहीये. म्हणून आधी तेच उलगडते, ऑपरेशन करायचं की नाही हे त्यातूनच पुढे येईल.

अनुभव वेगळे होण्याचं पहिलं कारण असं की "टॉन्सिल्सचं ऑपरेशन" या एकाच नावाखाली लोक वेगवेगळी ऑपरेशन्स सांगतात. कित्येकदा मुलाचे फक्त ॲडिनॉइड्स काढलेले असतात. ॲडिनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली गाठ. ती तोंड उघडून दिसत नाही. ती काढल्यावर मूल दोन-तीन दिवसांत खरंच ताजंतवानं होतं. घरी मात्र सगळे "टॉन्सिल्स काढले" असंच म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे टॉन्सिलचा बहुतेक भाग काढून बाहेरचं पातळ कवच तसंच ठेवायचं. त्यामुळे खालचा स्नायू उघडा पडत नाही, म्हणून दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी. आणि तिसरा, जुना आणि अजूनही सगळ्यात जास्त होणारा प्रकार म्हणजे कवचासकट पूर्ण टॉन्सिल काढणं. यात घशाच्या दोन्ही बाजूंना उघडी जखम राहते आणि ती टाके न घालता आपली आपण भरते. तिसऱ्या दिवशी धावणारा मुलगा बहुधा पहिल्या दोन प्रकारांतला असणार. तेव्हा कुणाचाही अनुभव ऐकताना आधी विचारा: काढलं काय होतं, आणि कसं?

दुसरं कारण, ऑपरेशन कशासाठी केलं. इथे मला थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण तुमच्या प्रश्नात दोन कारणं एकत्र आली आहेत आणि ती वेगळी करायला हवीत.

एक कारण वारंवार येणारं इन्फेक्शन. यासाठी आम्ही जो निकष वापरतो तो पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांच्या १९८४ च्या अभ्यासातून आला: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. त्यातही प्रत्येक वेळी घसादुखीसोबत काहीतरी ठोस हवं: १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची तपासणी पॉझिटिव्ह. नुसती सर्दी आणि खवखव यात मोजायची नाही. हा निकष इतका काटेकोर का, यामागे इतिहास आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या १००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. बाकीची २१५ दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी आणखी ९९ निवडली. पुन्हा उरलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तेव्हा ५१ जणांची नावं पुढे आली. म्हणजे मूल समोर आलं की जवळपास निम्म्यांना "काढा" असं सांगायची डॉक्टरांना सवयच झाली होती. ही आकडेवारी मी नव्या डॉक्टरांना मुद्दाम सांगते. घशात बघून टॉन्सिल मोठा दिसला, एवढ्यावर निर्णय घ्यायचा नसतो.

तुमच्या मुलीचा घसा वर्षात चार-पाच वेळा धरला. इन्फेक्शनच्या निकषात ती आज बसत नाही. तेवढंच कारण असतं तर मी म्हटलं असतं, थांबू या. प्रत्येक वेळी तारीख आणि ताप वहीत लिहा, सहा महिन्यांनी बघू. बऱ्याच मुलांचा हा त्रास वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होतो.

पण ती घोरते. तुमचा निर्णय यावर ठरणार आहे.

दुसरं कारण म्हणजे झोपेत श्वासाची वाट अडणं. ३ ते ७ या वयात टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्स घशाच्या जागेच्या मानाने सगळ्यात मोठे असतात. दिवसा स्नायू ताठ असतात म्हणून वाट उघडी राहते. गाढ झोपेत स्नायू सैल पडले की ती बंद होते. माझ्याकडे एक वडील मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आले होते. साडेचार वर्षांचा मुलगा, मान मागे टाकून झोपलेला. घोरण्याचा आवाज येतो आणि मधेच थांबतो. खोली शांत. पण पोट वर येतंय, छाती आत ओढली जातेय, गळ्याच्या खालची खाच खोल जातेय, हवा मात्र आत जात नाही. मी मनात आकडे मोजत होते. बाराव्या आकड्याला तो दचकून हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो, कूस बदलतो, पुन्हा घोरायला लागतो. वडील म्हणाले, "गाढ झोपतो हो, म्हणून घोरतो." तसं नव्हतं. त्या मुलाला रात्रभरात धड झोपच मिळत नव्हती.

असं थांबणं, धाप लागून उठणं, झोपेत खूप घाम येणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा चिडचिड किंवा अतिचळवळ यातलं काही असेल तर गणित बदलतं. शंका असेल तर रात्रभराची झोपेची तपासणी करतात. अशा मुलांवर एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं, त्यातल्या निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना थांबवून लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. थांबलेल्यांतही ४६ टक्के मुलांची नॉर्मल आली. लक्ष देण्याच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, पण वागणं आणि रोजचं जगणं यात ऑपरेशनवाली मुलं स्पष्टपणे सुधारली. मला यातून दोन्ही बाजू दिसतात. सौम्य त्रास असेल तर काही महिने थांबण्यात चूक नाही. श्वास उघड उघड अडत असेल तर मी थांबत नाही.

काही गोष्टींमुळे हे उत्तर बदलू शकतं. मूल ३ वर्षांपेक्षा लहान असेल, वजन खूप जास्त असेल, डाउन सिंड्रोम असेल, हृदयाचा किंवा स्नायूंचा आजार असेल किंवा झोपेतला त्रास तीव्र असेल, तर ऑपरेशननंतर ती रात्र हॉस्पिटलमध्ये देखरेखीखालीच काढायला हवी. घरात कुणाला दात काढल्यावर बराच वेळ रक्त थांबलं नव्हतं, मुलाला सहज काळेनिळे डाग पडतात, असं काही असेल तर न विचारताही सांगा. हलणारा दात असेल तर भूलतज्ज्ञांना दाखवा. आणि ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत ताप-खोकला आला तर फोन करून कळवा. तारीख पुढे जाईल म्हणून तो लपवलेला मी पाहिला आहे. भूल देताना त्याचा त्रास मुलाला होतो.

आता तिसरं कारण. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. पालक अनुभव सांगतात तो नेमका कितव्या दिवसाचा?

ऑपरेशन स्वतः अर्ध्या-पाऊण तासाचं. सगळं तोंडातून होतं, बाहेर कुठे चीर नाही. भुलेतून उठताना काही मुलं, विशेषतः पाच-सहा वर्षांखालची, जोरात रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. पहिल्यांदा बघणारी आई हादरून जाते. हे भुलेचं असतं, वेदनेचं असेलच असं नाही. बहुतेकदा अर्ध्या तासात निवळतं आणि मुलाला नंतर आठवतही नाही. पहिल्या दिवशी एखादी काळपट, कॉफीच्या गाळासारखी उलटी होऊ शकते, ते गिळलेलं जुनं रक्त असतं. आणि मग संध्याकाळी मूल उठून बसतं, थोडं खातं, हसतं. कारण भुलेत दिलेली वेदनाशामक औषधं आणि सूज कमी करणारं डेक्सामेथासोन अजून काम करत असतं. पालक सगळ्यांना कळवतात, झालं, अगदी छान आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही पालकांना सांगायचे, "चार दिवसांत ठीक होईल." एका सातव्या रात्री एका वडिलांचा फोन आला. आवाज कापत होता. मुलगी कान धरून रडतेय, घशात सगळा पांढरा पू झालाय, तोंडाला घाण वास येतोय, ऑपरेशन बिघडलं का? मी त्यांना बोलावून घेतलं. बघितलं तर जखम ठरल्याप्रमाणेच भरत होती. चूक ऑपरेशनमध्ये नव्हती, माझ्या सांगण्यात होती. त्या रात्रीपासून मी "चार दिवस" म्हणणं सोडलं.

पूर्ण टॉन्सिल काढल्यावरचा खरा क्रम असा असतो: तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढतं. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास जखमेवरची पांढरी-पिवळसर साय सुटायला लागते आणि तेव्हा पुन्हा एकदा जोरात दुखतं. ही साय म्हणजे पू नव्हे. गुडघा खरचटल्यावर खपली धरते ना, तीच खपली ओल्या घशात पांढरी दिसते. वास तिचाच. कान ठणकतो कारण घशाच्या त्या भागाला संवेदना देणाऱ्या नसेचीच एक फांदी मधल्या कानाला जाते. कानात काही झालेलं नसतं, कानात थेंब घालू नका. आवाज काही दिवस बारीक किंवा नाकातून आल्यासारखा होतो. पहिल्या दिवसांत थोडी कणकण चालते. बहुतेक मुलं दहा ते चौदा दिवसांत पूर्ववत होतात. म्हणजे दहा दिवस रडणारी ती मुलगी वेगळी नव्हती, तिच्या आईला कुणी आधी सांगितलं नव्हतं इतकंच.

या दहा दिवसांत घरी काय होतं यावर बराच फरक पडतो. सर्वांत जास्त फरक औषधाच्या वेळांनी पडतो. दुखायला लागल्यावर डोस द्यायचा असं ठरवलंत तर तुम्ही कायम मागे राहता. पहिले सहा-सात दिवस घड्याळ बघून द्यायचं, मूल रडत नसलं तरी, आणि रात्री एकदा उठवूनसुद्धा. रात्रीचा डोस चुकला की सकाळी घसा कोरडा, दुखणं भरात, मूल तोंड उघडत नाही, औषधही घेत नाही. एका आईने फ्रिजवर कागद लावला होता: डावीकडे औषधाची वेळ, उजवीकडे किती घोट प्यायला आणि लघवी कितीदा झाली. आठव्या दिवशी तो कागद ती मला दाखवायला घेऊन आली, कडा पाण्याने फुगलेल्या. एका नजरेत मला सगळा आठवडा दिसला. तेव्हापासून मी सगळ्यांना तसा कागद करायला सांगते.

औषधं कोणती, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. आयबुप्रोफेनने रक्त येईल अशी भीती काही डॉक्टरांना वाटते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र या दोन्हींचीच शिफारस आहे आणि मीही दोन्ही देते. तुमचे डॉक्टर नको म्हणाले तर त्यांचं ऐका, कारण रात्री फोन त्यांनाच करायचा आहे. ॲस्पिरिन नाही. आणि कोडीन असलेलं कुठलंही सिरप १२ वर्षांखालच्या मुलाला नाही. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं. काही मुलांमध्ये हे इतक्या झपाट्याने होतं की श्वास मंदावतो. टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखाली ते वर्ज्यच ठरवलं. घरात खोकल्याची जुनी बाटली असेल तर तिच्यावरचं नाव वाचा. रूटीन अँटिबायोटिकने मात्र दुखणं कमी होत नाही, त्यामुळे ते लिहून दिलं नाही तर काळजी करू नका.

दुसरी गोष्ट पाणी. खाण्याची चिंता आठवडाभर बाजूला ठेवा. वजन थोडं उतरतं, परत येतं. पण पिणं थांबलं की घसा कोरडा पडतो, कोरडा घसा जास्त दुखतो, म्हणून मूल आणखी कमी पितं. या चक्रात अडकलेलं मूल शेवटी सलाईनसाठी भरती होतं. डोस दिल्यावर अर्ध्या तासाने, दुखणं उतरलेलं असताना प्यायला द्या. चमच्याने, थोडं थोडं, दर थोड्या वेळाने. गार आवडतं की कोमट, ते मुलावर सोडा. आंबट आणि तिखट झोंबतं, एवढंच टाळायचं. दहा-बारा तास लघवी झाली नाही, ओठ सुकले, मूल मलूल झालं तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा.

मुलाशी खरं बोला, हेही सांगते. "काही दुखणार नाही" असं सांगून आणलेला एक मुलगा दुसऱ्या दिवशी आईच्या हातून औषध घेईना. ती पुन्हा खोटं बोलतेय असं त्याला वाटत होतं. "झोपेत डॉक्टर काढतील, तेव्हा कळणार नाही. उठल्यावर बरेच दिवस दुखेल, औषधाने कमी होईल, मी इथेच असेन." सहा वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं.

आता त्या आठव्या रात्रीच्या रक्ताबद्दल. ऑपरेशननंतरचा रक्तस्राव दोन वेळी होतो: पहिल्या २४ तासांत, किंवा खपली सुटताना, साधारण ५ ते १० दिवसांच्या दरम्यान. मुलांमध्ये प्रमाण शंभरात तीन-चारांच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण तो झालाच तर घरी वाट बघायची गोष्ट नाही. लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. माझ्या एका पेशंटच्या आजी शेजारी झोपल्या होत्या. अंधारात त्यांना नातवाच्या घशाचा आवाज आला. घोट, मग थोडं थांबून परत घोट. झोपलेलं मूल इतक्यांदा का गिळतंय, म्हणून त्यांनी दिवा लावला, तर ओठांच्या कोपऱ्यात लाल रेघ. आम्ही वेळेत रक्त थांबवू शकलो ते त्यांच्यामुळे. झोपेत सारखं गिळणं, लालभडक थुंकी, ताज्या रक्ताची उलटी यातलं काहीही दिसलं तर मुलाला बसवा, पुढे वाकवा, थुंकायला लावा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि तडक निघा. वाटेत रक्त थांबलं तरी परत फिरू नका. एकदा थोडं येऊन थांबलेलं रक्त काही तासांनी जोरात येऊ शकतं. म्हणूनच दोन आठवडे प्रवास नको, धावपळीचे खेळ नकोत, आणि रात्री कुठे जायचं हे आधी ठरलेलं हवं.

बाकी दोन शंका पालक नेहमी विचारतात. प्रतिकारशक्ती कमी होते का? घशात आणि नाकामागे असं संरक्षण करणारं इतर ऊतक भरपूर असतं, टॉन्सिल्स काढल्याने मूल सतत आजारी पडू लागलं असं मी पाहिलेलं नाही. परत वाढतात का? कवच ठेवलं असेल तर क्वचित, ॲडिनॉइड्स लहान वयात काढले तर कधी कधी.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला असा. नुसत्या घसादुखीसाठी घाई नको. घोरण्याचा मात्र छडा लावा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: इन्फेक्शनसाठी काढताय की श्वासासाठी, पूर्ण काढणार की कवच ठेवून, आणि रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा. आणि भेटीच्या आधी एक काम करा. मुलगी झोपल्यावर दोन-तीन तासांनी, म्हणजे ती गाढ झोपेत असताना, छातीवरचं पांघरूण आणि कपडा बाजूला करा, मंद दिवा ठेवा आणि छाती, गळा, तोंड सगळं दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. आवाज चालू ठेवा, तुम्ही मधे बोलू नका. लागोपाठ दोन-तीन रात्री घ्या, सर्दी नसताना. भेटीत तोंड उघडून टॉन्सिल दाखवायच्या आधी डॉक्टरांना तो दाखवा.